थांबलेला हातही ऐकू यावा: हालचालीवर वाजणाऱ्या वाद्याच्या नोंदी

धाकटी बहीण नाचते, मी सर्किट जोडते. तिचं म्हणणं एवढंच होतं, "ताई, दर वेळी मी गाण्याच्या मागे धावते. एकदा गाण्याला माझ्या मागे येऊ दे." त्या वाक्यावर काम सुरू झालं. शनिवार-रविवार धरून सव्वादोन महिने, साधारण ऐंशी तास. त्यातले निम्म्याहून जास्त तास चुका शोधण्यात गेले. कोणी हेच करायला बसलं असेल तर त्यांचे ते तास वाचावेत म्हणून या नोंदी.

४ जानेवारी

सुरुवात कॅमेऱ्याने केली, कारण लॅपटॉपला तो आहेच आणि अंगावर काही बांधावं लागत नाही. मीडियापाइप हे सॉफ्टवेअर चित्रातून शरीरावरचे ३३ बिंदू शोधून देतं. हात वर केला की सूर वर, एवढं तासाभरात जमलं आणि आम्हा दोघींना फार आनंद झाला. तो संध्याकाळपर्यंत टिकला नाही. ती वळली की पलीकडचा हात कॅमेऱ्याला दिसत नाही. मग मनगटाचा बिंदू कमरेवर नाहीतर खांद्यावर उडी मारतो आणि सूर किंचाळतो. उजेड कमी असला तर जोरात फिरलेला हात चित्रात नुसता पुसट पट्टा होतो. शिवाय कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं देतो, म्हणजे दोन चित्रांच्या मधे ३३ मिलिसेकंद जातात. बिंदू शोधायला लागणारा वेळ वेगळाच. एका जागी उभं राहून सावकाश हालचाल करायची असेल तर हा मार्ग चांगला आहे. गिरक्या घेणारीसाठी नाही. सोडून दिला.

११ जानेवारी

नवीन बेत: दोन्ही मनगटांवर एकेक एमपीयू-६०५० सेन्सर, कमरेला एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला चिमुकला संगणक), तिथून वायफायवरून लॅपटॉपला आकडे, आणि लॅपटॉपवर प्युअर डेटा या आवाज घडवायच्या प्रोग्राममध्ये आवाज. एमपीयू-६०५० मध्ये त्वरण मोजणारा भाग आहे आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरोही आहे, म्हणून तो निवडला.

पहिली अडचण: सेन्सर सापडतो, पण सगळी रीडिंग शून्य. दोन तास तारा तपासल्या. तारा ठीकच होत्या. हा सेन्सर वीज मिळाल्यावर झोपलेल्या अवस्थेत सुरू होतो. त्याच्या ६बी क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (सेटिंग ठेवायच्या कप्प्यात) शून्य लिहिलं की जागा होतो.

दुसरी: दोन्ही सेन्सरचा पत्ता एकच, हेक्साडेसिमल ६८. एकाची एडी-झिरो पिन ३.३ व्होल्टला जोडली की त्याचा पत्ता ६९ होतो. हे पटकन झालं.

तिसरी अडचण मात्र मुळावर आली. कमरेपासून मनगटापर्यंत तार जवळजवळ एक मीटर. टेबलावर सगळं चालायचं, तिने हात उंचावला की रीडिंग गोठायची. सेन्सर आणि बोर्ड ज्या पद्धतीने बोलतात ती आयटूसी ही बोर्डावरच्या बोर्डावर बोलायची पद्धत आहे, लांब तारांवर तिचे सिग्नल बोथट होतात. वेग ४०० वरून १०० किलोहर्ट्झवर आणला, पुल-अप रेझिस्टर बदलले. गोठणं कमी झालं, थांबलं नाही.

१२ जानेवारी

लांब तारा काढून टाकल्या. प्रत्येक मनगटाला स्वतःचा ईएसपी३२ आणि स्वतःची छोटी लिथियम बॅटरी. सेन्सर ते बोर्ड तार चार सेंटीमीटर. गोठणं बंद. कालचा दिवस वाया गेला. आता दोन वेगळे पत्तेही लागत नाहीत.

पहिला आवाज आज आला. एक अखंड सूर, हालचाल जास्त तर आवाज मोठा. बांधल्यावर बहीण दोन मिनिटं नाचली, मग हात खाली सोडून उभी राहिली. सूर चालूच.

"ताई, मी थांबले. हे का थांबत नाही?"

पुढचे दोन महिने मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते, हे त्या दिवशी कळलं नव्हतं.

१८ जानेवारी

सूर न थांबण्याचं पहिलं कारण गुरुत्वाकर्षण. त्वरणमापक स्थिर असला तरी १ जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढं त्वरण, दाखवतो. ±२ जी च्या टप्प्यात तो आकडा १६३८४ येतो आणि मी तोच थेट आवाजाला जोडला होता. एकंदर मापातून १ वजा केला. तरीही गडबड: हात जोरात झटकला की रीडिंग ±२ जी वर आपटून सपाट व्हायची, म्हणजे मोठ्या झटक्यात आणि मध्यम झटक्यात फरकच नाही. टप्पा ±८ जी केला.

मग गुरुत्वाकर्षणाचा हिस्सा सावकाश सरासरी काढून वजा करून पाहिला. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी सुचवलेली असते. हात झटकण्यासाठी ती चालते. पण मनगट हळूच वळवून थांबवलं की सरासरीला नव्या दिशेपर्यंत पोचायला सेकंदभर लागतो, आणि तेवढा वेळ सूर शेपटीसारखा मागे रेंगाळतो. नाचात मनगट सतत वळतं.

उपाय साधा होता, मी उशिरा ओळखला. जायरोला गुरुत्वाकर्षण दिसतच नाही. 'किती हालचाल' हे जायरोवरून घ्यायचं आणि त्वरणमापक फक्त ठोका पकडायला ठेवायचा. टप्पा सेकंदाला ±२००० अंश ठेवला, कारण मनगटाचा फटका सहज हजाराच्या पुढे जातो.

१९ जानेवारी

जायरोचंही स्वतःचं खोटं असतं. टेबलावर ठेवला तरी सेकंदाला दोन-तीन अंश फिरतोय म्हणतो. सुरू होताना ५०० रीडिंगची सरासरी घेऊन ती वजा करायची, असं लिहिलं. काल बहिणीने बोर्ड मनगटावर बांधून मग स्विच लावला. हात हलत असताना घेतलेली सरासरी दिवसभर वजा होत राहिली आणि सूर आणखीच न थांबणारा झाला. आता नियम: आधी टेबलावर ठेवून स्विच, दिवा स्थिर झाला की बांधायचं. पाच मिनिटं गरम होऊ दिलं तर आणखी बरं, तापमानाबरोबर हा आकडा सरकतो. अगदी छोट्या आकड्यांना शून्य मानायचा उंबरठाही ठेवला.

आज पहिल्यांदा ती थांबली आणि सूर थांबला. पण थोडा उशिरा.

२५ जानेवारी

हा उशीर मोजायची पद्धत सांगते, कारण अंदाजावर फार वेळ जातो. सेन्सर टेबलावर बोटाने ठोकायचा. एका माइकने ठोक्याचा खट् आणि स्पीकरमधून आलेला आवाज, दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचे. ते ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या प्रोग्राममध्ये उघडून दोन टोकांमधलं अंतर मोजायचं. वीस ठोके घ्यायचे, कारण सरासरीपेक्षा चढउतार महत्त्वाचा असतो. एकसारख्या उशिराशी नाचणारी जुळवून घेते, हलत्या उशिराशी कोणीच घेऊ शकत नाही. २००२ साली वेसेल आणि राइट या संगणक-संगीताच्या संशोधकांनी अशा वाद्यांसाठी १० मिलिसेकंद उशीर आणि १ मिलिसेकंद चढउतार हे लक्ष्य मांडलं होतं. माझे वीस ठोके: २३० ते ३४० मिलिसेकंद.

पहिला मोठा तुकडा ब्लूटूथ स्पीकरचा होता. तारेचा स्पीकर लावला, ६० ते १७० वर आलं. आता साठच्या वरची ती शंभर मिलिसेकंदांची डोलणारी भर कुठून येते ते कळेना. बोर्डाचा वायफाय झोपतो असं वाचून बोर्डावर स्लीप बंद केलं. काही फरक नाही. मग फिल्टर बदलत बसले. दोन संध्याकाळी पाण्यात.

२६ जानेवारी

आकडे कसे येतात ते नुसते छापून बघितले आणि गाठ सुटली. बोर्ड दर १० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे आकड्यांचं एक पुडकं, पाठवतो. लॅपटॉपवर मात्र नऊ-दहा पॅकेट एका दमात यायची, मग शांतता, मग पुन्हा नऊ-दहा. झोपत होता तो लॅपटॉपचा वायफाय, बॅटरी वाचवण्यासाठी. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी इशारा देतो आणि झोपलेल्यासाठी आलेली पॅकेट तोवर स्वतःपाशी धरून ठेवतो. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला. ६० ते ७० वर स्थिर.

उरलेले प्युअर डेटाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये होते. तिथला डिले ५० मिलिसेकंद होता. १० वर आणला, ५ वर आवाज फुटायला लागला म्हणून १० ठेवला. शेवटचं माप २० ते ३०. दहापर्यंत पोचले नाही, पण बहिणीने दोनदा हात झटकला आणि काही न बोलता नाचायला लागली. त्यावरून मला कळलं की उशीर आता आड येत नाही. स्पीकरही जवळ आणला. आवाजाला तीन मीटर यायला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात. इतकी खटपट करून कमावलेला वेळ खोलीच्या लांबीत घालवण्यात अर्थ नाही.

१ फेब्रुवारी

सूर मोठा-लहान होताना चर्र असा दाणेदार आवाज. आकडे सेकंदाला १०० वेळाच येतात, म्हणून आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. प्युअर डेटातल्या लाइन ऑब्जेक्टने दोन आकड्यांमधला चढ १५ मिलिसेकंदांत गुळगुळीत केला. थरथर घालवायला वन-युरो फिल्टर लावला. २०१२ साली मांडलेला हा फिल्टर हात हळू असला की जास्त गाळतो आणि वेगात असला की जवळजवळ बाजूला होतो. साध्या सरासरीने एक तर थरथर राहायची किंवा उशीर वाढायचा. याला दोनच आकडे जुळवावे लागतात, अर्ध्या तासात झालं.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस तंत्राचा नव्हता, जोडणीचा होता, म्हणजे कुठली हालचाल कुठल्या आवाजाला बांधायची त्याचा.

सुरुवातीला हाताच्या कलावर सुराची उंची ठेवली होती. ते मनासारखं होत नाही, कारण हवेत हाताला टेकायला काही नसतं. थेरेमिन हे हात न लावता हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य, ते वाजवणाऱ्यांना हेच साधायला वर्षं लागतात. मी पाच सुरांची पट्टी पक्की केली, कल त्यातला जवळचा सूर निवडतो. दोन सुरांच्या सीमेवर हात असला की तो दोघांत तडफडायचा. म्हणून सूर बदलायचा उंबरठा जाताना वेगळा आणि परत येताना वेगळा ठेवला.

हे सगळं बरोबर चालत होतं आणि तरी दहा मिनिटांत कंटाळवाणं झालं. ती हात वर करायची ते सूर वर न्यायला. नाच राहिला बाजूला, ती बटणं दाबत होती. एका हालचालीला एकच परिणाम बांधला की माणूस तो परिणाम चालवायला लागतो. म्हणून एकाच वेगातून तीन गोष्टी थोड्या-थोड्या हलवल्या: आवाजाची पातळी, आवाजाचा उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरची उघडझाप, आणि दुसऱ्या स्वराची किंचित बेसूर होण्याची मात्रा. आणि वेग थेट न देता त्याचा वर्ग दिला, त्यामुळे लहान हालचाली कुजबुजतात आणि मोठ्या खरंच मोठ्या होतात. खऱ्या वाद्यातही जोराने फुंकलं की सूर नुसता मोठा होत नाही, त्याचा रंग बदलतो.

१५ फेब्रुवारी

आज ती एका पायावर उभी राहिली, उजवा हात पूर्ण ताणून, बोटांच्या टोकापर्यंत. मी शेजारी जमिनीवर बसून बघत होते. दंडाचा स्नायू दोरीसारखा वर आला होता, कोपराच्या खाली बारीक थरथर, मानेवरून घाम. हात एक इंचही हलत नव्हता. सूर विरत गेला आणि शांत झाला, मी महिनाभर झटून जसा करवला होता अगदी तसाच.

"ताई, मी आत्ता सगळ्यात जास्त जोर लावलाय आणि हे गप्प झालं."

मग तिने हात सैल सोडला, नुसता बाजूला लोंबकळता. तीच शांतता. सेन्सरला दोन्ही सारखंच, हालचाल शून्य. मी इतके दिवस 'थांबली की थांबावं' याच्या मागे होते. थांबणं दोन प्रकारचं असतं हे मला तिच्या दंडाकडे बघून कळलं. नाचात धरलेला हात आणि सोडलेला हात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझं वाद्य त्या फरकापुढे बहिरं होतं.

हालचाल मोजून हे कळणार नाही. स्नायू ऐकावा लागेल.

१६ फेब्रुवारी

ईएमजी मॉड्यूल आणलं, म्हणजे स्नायू ताणला की त्यात उठणारी बारीक वीज मोजणारं सर्किट. त्वचेवर चिकटवायचे तीन इलेक्ट्रोड: दोन स्नायूच्या फुगीर भागावर, तंतूंच्या दिशेत, दोन-अडीच सेंटीमीटर अंतराने. तिसरा संदर्भाचा, कोपराच्या हाडावर. त्वचा आधी पुसून कोरडी करायची, क्रीम लावलेलं असेल तर चिकटतच नाहीत.

पहिला आलेख बघून वाटलं की स्नायू सापडला. तो वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झ गुंजारव होता. बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला होता. गुंजारव ही त्यातली लहान गोष्ट. शरीराला इलेक्ट्रोड लावलेले असताना सर्किट भिंतीतल्या विजेशी कुठूनही जोडलेलं असता कामा नये. मी हे वाचलेलं होतं आणि प्रोग्राम चढवायच्या घाईत विसरले, तेही तिच्या हातावर. तेव्हापासून आधी यूएसबी केबल काढून खोलीबाहेर ठेवायची, मगच इलेक्ट्रोड. बोर्ड फक्त बॅटरीवर. यात सवलत नाही.

बॅटरीवर गुंजारव पुष्कळ कमी झाला. उरलेला ५० हर्ट्झच्या नॉच फिल्टरने (तेवढीच एक कंपनसंख्या गाळणाऱ्या) काढला.

२२ फेब्रुवारी

संध्याकाळ गेली ती अशी. ईएमजीची तार २६ क्रमांकाच्या पिनला. एकट्या चाचणीत सुंदर आलेख, पूर्ण प्रोग्राममध्ये रीडिंग बंद. मॉड्यूल बदललं, तार बदलली, बॅटरी बदलली. कारण कागदावर लिहिलेलं होतं: ईएसपी३२ मध्ये ॲनालॉग वाचणारे दोन विभाग आहेत आणि दुसरा विभाग वायफाय चालू असताना वापरता येत नाही. २५, २६, २७ या पिन त्या दुसऱ्या विभागात येतात. तार ३४ वर नेली, मिनिटात चालू. ३२ ते ३९ मधल्याच पिन वापरा.

दुसरी चूक: सेकंदाला १००० कच्ची रीडिंग वायफायवरून पाठवत होते. पॅकेट गळायला लागली. आता बोर्डावरच काम उरकते: मधला आकडा वजा, २० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, उणे भाग उलटवून धन करायचा, शंभर मिलिसेकंदांत गुळगुळीत. लॅपटॉपकडे सेकंदाला १०० आकडे जातात.

२० हर्ट्झखालचं काढणं महत्त्वाचं आहे. तारा हलल्या की त्याही स्नायूसारखं सिग्नल देतात. तरी पुरत नव्हतं, म्हणून तिन्ही तारांची वेणी घालून त्वचेला टेपने चिकटवली.

१ मार्च

दोन्ही एकत्र. हालचाल सूर सुरू करते आणि त्याला रंग देते. स्नायूचा ताण त्याला धरून ठेवतो. हालचाल संपली आणि ताण आहे तर सूर राहतो, पण बारीक, दाटलेला, फिल्टर जवळजवळ बंद. ताण सोडला की दोन सेकंदांत विरतो. 'धरलंय' मानायला पूर्ण ताकदीच्या ३० टक्के, 'सोडलं' मानायला २० टक्के.

पूर्ण ताकद म्हणजे किती हे रोज बदलतं. इलेक्ट्रोड अर्धा सेंटीमीटर सरकला तरी आकडा वेगळा. म्हणून दर वेळी सुरुवातीला तीन सेकंद मूठ पूर्ण ताकदीने आवळायची आणि तीन सेकंद सैल, त्यावरून माप. कालचं माप आज वापरू नका.

८ मार्च

पूर्ण दिवस शिलाई आणि सोल्डर. मनगटाजवळची तार तिसऱ्यांदा तुटली, दर वेळी सोल्डरच्या अगदी कडेला. एकसंध तांब्याची तार वाकून तुटते. अनेक बारीक तंतूंची तार घेतली, सांध्यावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवली आणि तार आधी पट्टीला शिवून मग बोर्डाकडे नेली, म्हणजे ओढ टाक्यांवर येते. बॅटरीला कापडी खिसा, त्वचेपासून दूर. फुगलेली दिसली की टाकून द्यायची, एक टाकली.

१५ मार्च

वीस मिनिटं सलग नाचून पाहिलं. आठव्या मिनिटाला डाव्या बोर्डाची बॅटरी सुटली आणि सूर शेवटच्या आकड्यावर अडकून मोठ्याने चालूच राहिला. पॅकेट पाठवायला मी वापरलेल्या यूडीपी या पद्धतीत पॅकेट आलं नाही तर कोणी कळवत नाही. आता २०० मिलिसेकंद काही आलं नाही की प्युअर डेटा स्वतः आवाज खाली नेतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चौदाव्या मिनिटाला घामाने एक इलेक्ट्रोड उचलला गेला. वरून लवचीक पट्टी बांधली, नवीन इलेक्ट्रोड लावले, मापही नव्याने घेतलं.

दुसऱ्या फेरीत शेवटी तिने हात ताणून धरला. बारीक सूर राहिला. कोपराखालची ती थरथर सुरात आली, अगदी हलकी, आणि मी ती गाळून टाकली नाही. तिने बोटांपासून एकेक सोडत हात खाली आणला, सूर तिच्या बरोबरीने उतरला. खाली आल्यावरही ती काही वेळ तशीच उभी होती, ऐकत.

ईएमजी सध्या फक्त उजव्या हातावर आहे. डाव्याची तार पुढच्या शनिवारी. तोवर प्रोग्रामला हात लावायचा नाही असं तिने बजावलंय. तिला आहे त्यावर आठवडाभर सराव करायचाय.